पारदर्शक छपराखाली ठेवलेली बालदी

मृगाची पहिली झोडपणी झाली की हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी मागणारे वाढतात. गोव्यात पडवीवर, बाल्कांवपुढे म्हणजे दर्शनी ओट्यापुढे, मागच्या अंगणात, अगदी जुन्या घराच्या राजांगणावर, म्हणजे मधल्या चौकावरही आता पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटची छपरं आली आहेत. उजेड येतो, पावसात कपडे वाळतात, संध्याकाळी तिथं खुर्च्या टाकून बसता येतं. आणि मग एका कोपऱ्यात बालदी येते. नळी आणायची, जिथं थेंब दिसतो तिथं वरून फासायची, की झालं, असा सर्वसाधारण समज. जूनमध्ये ओल्या शीटवर फासलेलं सिलिकॉन चवथीपर्यंत टिकलं तर नशीब समजायचं.

शीट स्वतः क्वचितच गळते. गळतात ते जोड. शीट भिंतीला भेटते तिथं, स्क्रू तिच्यातून आरपार जातो तिथं, एक शीट दुसऱ्या शीटवर चढते तिथं, आणि शेवटी पन्हळीपाशी. या चार जागा नीट केल्या तर दहातल्या नऊ छपरांना नवी शीट लागत नाही. पण त्यासाठी आधी पाऊस किती आणि कुठून येतो हे ध्यानात घ्यावं लागतं.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वाळपई-सांगेकडे, घाटाच्या पायथ्याला, किनाऱ्यापेक्षा जास्तच. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तेव्हा ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पडवीच्या छपरावरून वर्षाकाठी ३६,००० लिटर पाणी वाहून जातं. तासाला ५० मिमीची सर आली तर मिनिटाला १० लिटर. हे पाणी सरळ वरून पडत नाही. वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. तो थेंब आडवे मारतो आणि पत्र्याखालच्या फटीत वर ढकलतो. उतारावरून खाली जाणारं पाणी चढही चढतं, हे इथल्या पावसाचं वैशिष्ट्य विसरून केलेलं काम पहिल्याच जोरात उघडं पडतं.

थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा बहुधा एक नसते. पाणी वर कुठेतरी शिरतं, आडव्या पाइपच्या पोटाखालून मीटर-दीड मीटर सरकतं आणि वेल्डिंगच्या गाठीपाशी अडून टपकतं. म्हणून शोध कोरड्या दिवशी, बागेच्या पाइपने घ्यावा. छपराच्या आतून संशयित जोडांवर पाटीच्या खडूची पूड ब्रशने लावून ठेवायची. मग एकाने बाहेर, एकाने आत. पाणी मारायला सुरुवात सगळ्यात खालच्या कडेपासून. एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी, मग हातभर वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. खडूत जिथून ओली रेघ निघाली तिथं पेन्सिलीने खूण. पाइपचं तोंड दाबून फवारा उडवू नये, पाणी नुसतं वाहू द्यावं. भिंतीवर मारायची पाळी शेवटी, आणि ती मात्र चुकवायची नाही. शीटवर थेंबही न टाकता फक्त भिंत भिजवली आणि आत ओल उतरली, तर गुन्हेगार छप्पर नाहीच.

आणि गोव्यात असं फार वेळा निघतं, कारण भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असते. चिरा पाणी पितो. गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी पश्चिमेच्या भिंतीतून पाणी आत शिरतं, दगडातून खाली उतरतं आणि फ्लॅशिंगच्या, म्हणजे भिंत आणि शीट यांचा जोड झाकणाऱ्या पट्टीच्या, मागून निवांतपणे पडवीत बाहेर पडतं. फ्लॅशिंगच्या वरच्या कडेला सिलिकॉनचे कितीही थर द्या, पाणी त्या कडेला शिवतच नाही. अशा भिंतीवर आधी वरपर्यंत, थेट वळचणीपर्यंत, भेगा शोधायच्या. प्रत्येक भेग पत्रीने V आकारात उकरायची, धूळ झटकायची, बाहेरच्या कामाच्या क्रॅक-फिलरने भरायची, आणि ती भिंत पूर्ण वाळल्यावर तिला जलरोधक रंगाचे दोन हात द्यायचे. उघडा चिरा तसाच दाखवायची हौस असेल तर दरजा पुन्हा भरून वर दगडाचा रंग न बदलणारं सिलेन-सिलॉक्सेनचं पाणीरोधक द्यावं. तो हात दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हौसेचं मोल.

आता फ्लॅशिंग. बहुतेक ठिकाणी ते पत्र्याची एक पट्टी असते, गिलाव्यावर खिळे मारून ठोकलेली, वर सिलिकॉनची रेघ. ही रेघ एकदा सुटली की पट्टी गाळणीसारखी वागते. नीट करायचं तर ३५० मिमी रुंदीचा ॲल्युमिनियमचा किंवा रंगीत पत्रा घ्यावा आणि पत्र्याच्या दुकानातूनच वाकवून आणावा: २५ मिमी भिंतीच्या खाचेत, १५० मिमी भिंतीला उभा, १६५ मिमी शीटवर, आणि शेवटचे १० मिमी दुमडलेले, म्हणजे कडा ताठ राहते आणि वाऱ्याने फडफडत नाही. वाकवताना कोन छपराच्या उतारापेक्षा किंचित जास्त ठेवायला सांगावा, म्हणजे खालची कडा शीटवर दाबून बसते.

भिंतीत ४ इंची ग्राइंडरने २५ ते ३० मिमी खोल खाच मारायची, आतल्या बाजूला जरा वर चढणारी. इथं एक गोष्ट हमखास चुकते. गिलावा १५-२० मिमी जाड असतो आणि खाच तेवढ्यातच थांबते. मग पट्टी दगडात नसतेच, गिलाव्यात असते, आणि गिलाव्यामागून पाणी खुशाल येतं. खाच चिऱ्यात गेली पाहिजे. लाल पूड बाहेर आली की समजावं, पोचलो. ती पूड ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढायची, कारण चिऱ्याच्या धुळीवर कोणताच सीलंट चिकटत नाही. खाचेत प्रायमर लावून वाळू द्यायचा. पत्रा आत सरकवून दर ४५० मिमीवर त्याच पत्र्याच्या दुमडलेल्या तुकड्याची पाचर मारायची आणि पॉलियुरेथेन सीलंटने खाच भरायची. सिमेंटने भरायची असेल तर ॲल्युमिनियमच्या त्या कडेला आधी डांबरी रंगाचा हात द्यावा. ओलं सिमेंट ॲल्युमिनियम खातं. दोन तुकड्यांचा जोड १०० मिमीचा, मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबराची पट्टी), आणि वरच्या तुकड्याची कडा वाऱ्याकडे नाही तर वाऱ्यापासून दूर.

पट्टीची खालची बाजू शीटमध्ये घट्ट स्क्रूने आवळू नये. मिस्त्री आवळतात, त्यांना ती मजबुती वाटते. पॉलिकार्बोनेट मात्र हलतं. १ मीटर शीट १ अंश तापमानाला ०.०६५ मिमी वाढते. मे महिन्याच्या दुपारी शीट ६० अंशांपर्यंत तापते, पावसाची सर आली की २५ वर येते. ३ मीटर लांब शीट त्या ३५ अंशांत जवळजवळ ७ मिमी आखडते. सर येते तेव्हा छपरातून टकटक आवाज येतो, तो या आखडण्याचा. फ्लॅशिंग भिंतीचं आणि शीट आपली, दोघांनी एकमेकांवरून सरकायला मोकळं असावं. नालीदार शीट असेल तर पट्टीखाली त्या नाल्यांच्या आकाराची फोमची पट्टी घालावी. ती नसली की वारा पाणी थेट आत ढकलतो, आणि पालींना घरही मिळतं.

स्क्रूंची गळतीही याच हालचालीतून जन्मते. ६ मिमीच्या स्क्रूला ६ मिमीचंच भोक पाडलं तर शीटला सरकायला जागा नाही. पहिल्या उन्हाळ्यात भोक लांबट होतं, दुसऱ्यात त्याच्या कडेतून चीर निघते. भोक ९ मिमीचं हवं, स्क्रू त्याच्या मध्यावर, आणि वर ईपीडीएम रबर असलेला मोठा, २५ ते ३२ मिमीचा वॉशर. मऊ पीव्हीसीचे वॉशर स्वस्त पडतात, पण त्यांतलं मऊ करणारं रसायन पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं. आवळायचं किती? रबर वॉशरच्या कडेबाहेर जरासं डोकावलं की थांबायचं. मशीनने करकचून आवळलेला वॉशर पिळवटतो, रबर एका बाजूला सरकतं आणि दुसऱ्या बाजूने पाणी. स्क्रू तिरका गेला तरी हेच. जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू किनाऱ्याजवळ टिकत नाहीत. खारं वारं डोकं खातं आणि गंजाची धार शीटवर उतरते. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्यावं, आत फोंडा-डिचोलीकडे ३०४ चालतं.

जुनं भोक मोठं झालं असेल तर त्यात सिलिकॉन कोंबण्यापेक्षा मोठा वॉशर लावणं सरळ. भोकातून चीर गेली असेल तर चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडावं, म्हणजे ती पुढे धावत नाही, मग वरून ब्युटाइल टेपचा तुकडा, चिरेच्या चारी बाजूंना ५० मिमी जास्त. एपॉक्सीची लुगदी इथं वापरू नये. ती दगडासारखी घट्ट होते, शीट हलते, आणि महिन्याभरात कडेने सुटते.

पोकळ, म्हणजे नळ्यांच्या शीटला आणखी एक दुखणं. नळ्या उताराच्या दिशेने असल्या पाहिजेत, आडव्या नाही. वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या सलग टेपने बंद, खालचं तोंड बारीक छिद्रांच्या टेपने, वर यू-प्रोफाइल, म्हणजे यू आकाराची पट्टी. खालचं तोंडही कुणी सिलिकॉनने गच्च बंद केलं की आत शिरलेली वाफ बाहेर जात नाही, पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि शीट हिरवी होते. ती गळती वाटते, पण ते आतलं पाणी आहे. टेप काढून, शीट उतरवून, स्वच्छ पाणी नळ्यांतून सोडून, दोन-तीन दिवस उभी करून वाळवली की पुष्कळदा सुधारते. थिनर, पेट्रोल, खरखरीत घासणी यांतलं काहीही तिच्याजवळ नेऊ नये. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

उतार कमी असेल तर वरचं सगळं व्यर्थ. कंपन्या सांगतात तो किमान उतार ५ अंशांचा, म्हणजे मीटरला ९ सेंटीमीटर. इथं १० अंश धरावेत, मीटरला १८. ३ मीटरच्या पडवीला भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत ५०-५५ सेंटीमीटर उतरण हवी. पाण्याची लेव्हल नळी लावून मोजावं, डोळ्याला उतार नेहमी जास्त वाटतो. कमी निघाला आणि पुढची उंची परवडत असेल तर फॅब्रिकेटरकडून पुढचे खांब १०-१५ सेंटीमीटर कापून घेणं हे नव्या शीटपेक्षा स्वस्त आणि कायमचं. डोक्याला लागणार नाही एवढं, २.१ मीटर, पुढे उरलं पाहिजे.

मंगळुरी कौलांच्या छपराकडे या नजरेने पाहावं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. एका घरावर हजारो कौलं, म्हणजे हजारो उघडे जोड. कुठे सीलंट नाही, टेप नाही. पुरेसा उतार, वरचं कौल खालच्यावर चढलेलं आणि कडेला खोबणीत खोबण, एवढ्यावर ते छप्पर अख्खा पावसाळा काढतं. फुटलं तर एक कौल सरकवून दुसरं बसवायचं. पारदर्शक छपराची स्वस्त दुरुस्ती याच जातीची असते, पाण्याला वाट करून देणारी. पाण्याला अडवण्यात पैसे घातले तर ते दरवर्षी घालावे लागतात.

राजांगणावरचं छप्पर हा तर निराळाच पेच. मूळ रचनेत चारी पाखांचं पाणी आत अंगणात उतरायचं, तुळशीभोवती फिरून दगडी मोरीने बाहेर जायचं. अंगण पाण्यासाठीच होतं. त्यावर शीट टाकली तरी पाखांचं पाणी येतच राहतं. अंगण ५ बाय ५ मीटर आणि चारी बाजूंची आत उतरणारी पाखं ३-३ मीटर धरली तर एकूण १२१ चौरस मीटरचं पाणी त्या चौकात येतं. ५० मिमीच्या तासात सहा हजार लिटर, मिनिटाला १००. ते अडवायला म्हणून शीट कौलांवरच टेकवून चारी बाजूंनी सिमेंटने बंद केलेली दिसते. असं केलं की पाणी कौलांखाली मागे फिरतं, वाशांची टोकं कुजतात आणि वाळवी येते. वाळवीला आलेलं लाकूड बदलायचं तर छपराच्या दुरुस्तीचा आकडा कुठल्या कुठे जातो.

इथं सिमेंट फोडून काढणं हीच पहिली दुरुस्ती. शीटची चौकट कौलांवर न टेकवता अंगणातून उठलेल्या स्वतंत्र खांबांवर घ्यावी, कौलांपासून ३० ते ४५ सेंटीमीटर वर, आणि चारी बाजूंना ४५ ते ६० सेंटीमीटर कौलांवर पुढे काढावी. मधून वारा खेळतो, गरम हवा निघून जाते. आतल्या वळचणीला चारी बाजूंनी १५० मिमी रुंद पन्हळ, मीटरला ५ मिमी उतार, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून ११० मिमीचे दोन पाइप थेट जुन्या मोरीत. एकच पाइप ठेवला आणि त्यात आंब्याचं पान अडकलं की पन्हळ भरून वाहते. वाहिली तरी ती अंगणातच वाहावी, म्हणून अंगणाची फरशी उंचावून मोरी बुजवायची नाही. राजांगण सपाट करून तिथं दिवाणखाना केलेल्या घरांत हीच चूक सगळ्यात महाग पडते. अंगणात फक्त उजेड हवा असेल आणि बाकी काही नको, तर शीटचा नाद सोडून स्वयंपाकघरात बसवतात तशी काचेची कौलं पाखात चार ठिकाणी बसवावीत. गळायला काही उरतच नाही.

आता खरेदी. ४ मीटर लांब भिंतीच्या पडवीसाठी: वाकवलेल्या पत्र्याचे २.४ मीटरचे दोन तुकडे (जोड आणि टोकं धरून पुरतात). १०० मिमी रुंद, ५ मीटर लांब, ॲल्युमिनियम पाठीची ब्युटाइल टेप एक रोल. पॉलियुरेथेन सीलंटची एक नळी खाचेला. न्यूट्रल क्युअर, म्हणजे व्हिनेगरचा वास न येणाऱ्या सिलिकॉनची एक नळी शीटच्या जोडांना. ३०० मिलिलिटरच्या नळीतून ६ मिमीची रेघ आठेक मीटर निघते. आडवे पाइप चार आणि दर ४० सेंटीमीटरला एक स्क्रू धरला तर ४४ स्क्रू, म्हणजे ५० आणावेत. सिलिकॉन घेताना नळीवर पॉलिकार्बोनेटला चालतं असं लिहिलेलं पाहावं. उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर तो माल काचेच्या टाकीला ठीक, चिऱ्याला, सिमेंटला आणि जस्ताच्या पत्र्याला नाही. टेप लावताना जागा कोरडी, जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलेलं, चुन्याचा रंग निघालेला हवा. टेप ताणू नये. ताणलेली टेप परत आखडते आणि कडा उचलते. रोलरने किंवा जुन्या बाटलीने दाबत दाबत एका टोकाकडून दुसरीकडे जावं.

वर चढायचं ते शीटवर पाय देऊन अजिबात नाही. दोन आडव्या पाइपांवर फळी टाकून तिच्यावरच वजन. शेवाळलेल्या चिऱ्याच्या कुंपणभिंतीला शिडी टेकवू नये, आणि जवळून जाणारी विजेची तार आधी पाहावी. छप्पर नारळाखाली असेल तर सुके नारळ आणि चुडतं पावसाआधी उतरवून घेण्याचा खर्चही दुरुस्तीतच धरावा. पाडेलीला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला दिलेले पैसे फुटलेल्या शीटपेक्षा नेहमी कमी असतात.

या सगळ्याला मुदत आहे. भिंत दिवाळीनंतर सुकू लागते आणि चिऱ्यातली ओल जायला महिने लागतात, तेव्हा खाचेचं आणि रंगाचं काम मार्च ते मेच्या मधल्यापर्यंत. जुलैत गळायला लागलं तर कायमच्या दुरुस्तीचा हट्ट धरू नये. ताडपत्री भिंतीच्या वरच्या बाजूला पट्टीने दाबून, खाली पन्हळीच्या पुढे काढून, दोरीने पाइपाला बांधावी. विटा ठेवून दाबलेली ताडपत्री वाऱ्याने उडते आणि वीट शीटवर पडते.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, पाऊस नसताना थेंब पडत असतील तर ते दव आहे. रात्री एकेरी शीट थंड होते आणि खालच्या दमट हवेतलं पाणी तिच्या पोटाला धरतं. भिंतीकडच्या वरच्या कडेला जाळी लावलेली ५० मिमीची फट बाजूच्या भिंतींत ठेवली की ते बरंच कमी होतं.

शीट बदलायचीच वेळ कधी? पिवळी पडली, दाबल्यावर लवचिक न राहता तडकली, वरचा थर पांढुरका होऊन बोटाला लागायला लागला, की दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. दोन-तीन वर्षांतच असं झालं असेल तर शीट उलटी बसवली असण्याची शक्यता मोठी, कारण अतिनील किरणांपासून जपणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो. नव्या शीटच्या फिल्मवर कोणती बाजू वर ते छापलेलं असतं. स्क्रू मारायच्या आधी ते स्वतः वाचावं, एका कोपऱ्यात मार्करने खूण करावी आणि काम संपल्यावर त्याच दिवशी दोन्ही बाजूंची फिल्म काढून टाकावी. उन्हात राहिली तर ती शीटला अशी चिकटते की नखानेही निघत नाही.